दक्षिणेकडे तोंड केलेली नाव

सरांच्या घरी राहायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला एकच अट घातली. सकाळी उठल्यावर आधी अंगणात जायचं, वारा कुठून येतो ते पाहायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचं. मग चहा.

"अन् वारा नसला तं?" मी विचारलं.

"वारा नसते असं होत नाई," सर म्हणाले. "तुले समजत नसते."

पहिल्या आठवड्यात मला बहुतेक वेळा चहा मिळाला नाही. मी अंगणात उभा राहून कडुनिंबाकडे पाहायचो, पान हललं की अंदाजानं काहीतरी सांगायचो. सर कपातून नजरही न उचलता म्हणायचे, "चूक. जा." आतून काकू ओरडायच्या, "द्या ना त्या पोट्ट्याले चहा! वारा का पळून चालला?" मग मला कळलं की कान ओला करायचा. कानाच्या पाळीला पाणी लावून हळूहळू गोल फिरायचं. ज्या बाजूला गार लागेल ती वाऱ्याची बाजू. हे सरांनी सांगितलं नव्हतं. मी त्यांना तसं करताना चोरून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला स्वतःच्या हातानं कप दिला.

मी हिंगणघाटकडचा. वडील जिनिंगमध्ये कामाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वर्ध्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा राहायचं कुठे हा प्रश्न होता. इलेक्ट्रिकलच्या या सरांनी वर्गात विचारलं, "कोणाला राहायची अडचण आहे?" मी हात वर केला. "संध्याकाळी ये," ते म्हणाले. घराच्या मागची खोली त्यांनी मला दिली ती पदवी मिळेपर्यंत. पुढे त्याच कॉलेजात मी कंत्राटी प्राध्यापक म्हणून लागलो आणि सरांचा सहकारी झालो, तरी सकाळचा चहा त्यांच्याकडेच राहिला. आज माझ्या नावापुढे जी पदवी आहे ती त्या खोलीशिवाय नसती. हे मी कुठेही, कोणासमोरही सांगतो.

पण सर चांगले होते असं म्हणवत नाही. ते तापट होते, तुसडे होते, आणि आपल्याला कळतं ते दुसऱ्याला कळत नाही याचा त्यांना राग असायचा. वर्गात ते पंखा लावू द्यायचे नाहीत. पंखा म्हणजे खोटा वारा, असं त्यांचं मत. वर्ध्याच्या मे महिन्यात परीक्षेच्या हॉलमध्ये सरांचं पर्यवेक्षण आलं की पोरांच्या उत्तरपत्रिका घामानं ओल्या व्हायच्या. घरी काकूंच्या खोलीत कूलर होता. सरांच्या खोलीत छताला पंखा होता, पण त्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसलेला. डोक्यावर कायम एक कापडी टोपी, तिची नाडी हनुवटीखाली बांधलेली. वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा नाडी बांधलेली. कोणी विचारलं की म्हणायचे, "उडून गेली तं आणाले तुम्ही जाल का?" डावं-उजवं ते म्हणतच नसत. "वाऱ्याकडच्या बाकावरचा, उभा राहा," असं म्हणायचे, आणि अर्धा वर्ग गोंधळून उभा राहायचा.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या अंगणात होतं. अंगणात टिनाच्या शेडलगत एक नाव होती.

सर तरुणपणी किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात नोकरीला होते. तिथे शिडाच्या होड्या बांधत. सर त्यांत विजेचं काम करायचे. आईचं आजारपण निघालं आणि ते वर्ध्याला परतले ते कायमचे. इथे समुद्र नाही, खाडी नाही, आणि इकडच्या नदीत कोणी शीड पाहिलेलं नाही. तरी त्यांनी नाव बांधायला घेतली. सागवानाच्या फळ्या एकेक करून जमवल्या. घराभोवती कंपाउंडची भिंत बांधली तेव्हा एका बाजूचा भाग सिमेंटऐवजी मातीत बांधला आणि प्लास्टरशिवाय ठेवला. नाव बाहेर काढायच्या दिवशी तेवढीच भिंत उतरवता यावी म्हणून. गल्लीतले लोक त्या भिंतीवरून सरांना ओळखायचे. "कप्तान, पाणी आलं का?" असं पोरं ओरडून पळायची. नळाला पाणी येत नसलं की मोठी माणसंही तेच विचारायची.

शिडाचं कापड सरांनी हिंगणघाटच्या गिरणीतून आणलं होतं, जाड सुती. ते शिवायला वर्ध्यात कोण? शेवटी मांडव-डेकोरेशनवाल्याला बोलावलं. तो मशीन घेऊन अंगणातच बसला. अर्धं शिवून झाल्यावर त्यानं विचारलं, "सर, खालून झालर लावू का? लाल हाये, छान दिसन." सर इतके संतापले की काकूंना मधे पडावं लागलं. तो मांडववाला नंतर लग्नाच्या मांडवात आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "जहाजाचा पडदा शिवला म्या, पन झालरीले नाई म्हनाले."

एकदा माझे वडील मला भेटायला आले होते. जिनिंगमधून थेट आलेले, केसांत सरकी-कापसाची कुसळं तशीच. कोणत्याही शिकलेल्या माणसासमोर ते उभेच राहायचे. सरांनी त्यांना नावेच्या फळीवर बसवलं आणि कापसाच्या गाठीचा पट्टा कसा आवळतात ते विचारलं. वडिलांनी दोर घेऊन करून दाखवलं. सरांनी ते दोनदा करून पाहिलं. मग वडिलांनी भीत भीत विचारलं, "मास्तर, हे जहाज जाईन कोठं?"

"वारा जिकडून येते तिकडे," सर म्हणाले.

वडील हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. सरांनी तासभर जमिनीवर खडूनं आकृत्या काढून त्यांना समजावलं की शीड नीट ताणलं तर नाव तिरकी तिरकी करत वाऱ्याच्या तोंडावर चढू शकते. वडिलांना किती कळलं ठाऊक नाही. पण बसस्टँडवर एसटीत चढताना ते मला म्हणाले, "हा मानूस तुले वाया जाऊ देनार नाई." त्यानंतर कोणत्याच प्राध्यापकासमोर ते उभे राहिले नाहीत. ही खुर्ची त्यांना सरांनी दिली, असं मी मानतो.

नाव पाण्यात कधी उतरली असती कोण जाणे. पण आमच्या नव्या प्राचार्यांकडे परीक्षेच्या हॉलमधल्या पंख्यांची तक्रार गेली आणि तिच्यासाठी ते सरांच्या घरी आले. पंख्याबद्दल बोलायला आलेले प्राचार्य अंगणातल्या नावेभोवती फिरू लागले. ते तरतरीत, गोड बोलणारे, हातातला मोबाइल कधी खाली न ठेवणारे गृहस्थ. त्या वर्षी शासनाची सौर ऊर्जेच्या प्रात्यक्षिकांची एक योजना आली होती, आणि आमच्या कॉलेजकडे दाखवायला काही नव्हतं.

"सर, यावर सोलर पॅनेल बसवा," प्राचार्य म्हणाले. "विदर्भातली पहिली सोलर बोट. कॉलेजचं नाव होईल."

"ही शिडाची नाव आहे," सर म्हणाले.

"असू द्या ना. शीड पण असू द्या."

सरांनी तेव्हा नाही म्हटलं. पण त्यांना ठाऊक होतं की एकट्या माणसाला धरणावर नाव उतरवायची परवानगी कोणी देणार नाही. कॉलेजला देतील. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "पॅनेल म्हंजे नावेवरचा पाहुणा. पाहुण्याले चांगली जागा द्याची, जेवू घालाचं. फक्त पाहुण्यानं घरच्या मानसाले बाहेर काढू नये." आणि होकार कळवून आले.

मग मात्र ते पॅनेलच्या मागे लागले ते स्वतःच्या रीतीनं. नाव उतरणार होती हिंगणीजवळ बोर धरणावर. तिथल्या ढिवर मंडळींची मासेमारीची सोसायटी होती. तिचे पुढारी शामरावजी, उंच, काळेभोर, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. ते नाव पाहायला वर्ध्याला आले. डोलकाठीकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाले, "मास्तर, एवढ्या मोठ्या काठीवर वाळू काय घालाचं हाये?"

"शीड."

"मंग आमच्या बुढीचं लुगडंच न्या ना. कापड कायले फाडलं?"

सर चिडतील असं मला वाटलं, पण ते ढिवरांवर कधी चिडत नसत. त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात दुपारी जाळं काढून परत कसे येता?"

शामरावजींचं हसणं थांबलं. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो. जाळी पलीकडच्या काठाला. डोंगा वाऱ्याविरुद्ध बांबूनं रेटत या काठाला आणेपर्यंत पोरांचे खांदे जातात आणि मासोळी उन्हानं नरम पडते. नरम मासोळी व्यापारी हातात धरून खाली टाकतो. हे त्यांनी सांगितलं. मग सरांनी सांगितलं की शीड नाव घेऊन येईल आणि पॅनेलवर बर्फाची पेटी चालेल, मासोळी कडक राहील. शामरावजींनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

"वाऱ्याच्या भरवशावर मी पोरीचं लगन नाई जमवलं, मास्तर. पन चालवून दाखवा. चालली तं आमचीच नाव."

म्हणजे ठरलं होतं असं. शासनाची समिती येणार, धरणावर एक दिवस प्रात्यक्षिक, समितीनं होकार दिला की नाव सोसायटीकडे जाणार आणि शिडावर चालणार. सरांच्या आयुष्यात त्या नावेला पाण्यावर जायचा हा एकच रस्ता उरला होता. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते.

शिडाच्या नावेवर पॅनेल बसवताना सावलीचं मोठं भय असतं. पॅनेल एकामागे एक जोडलेली असली आणि एकावर सावली पडली की सगळ्यांची वीज बसते; गणपतीतल्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ जाते तसं. सरांनी पुठ्ठ्याची छोटी नाव केली, कागदाचं शीड लावलं, दुपारी खोलीच्या खिडक्या बंद केल्या आणि काकूंच्या हातात टॉर्च दिला. काकू सूर्य झाल्या. खाटेच्या पूर्वेकडच्या खुरापासून पश्चिमेकडच्या खुरापर्यंत त्या हळूहळू टॉर्च न्यायच्या, सर नाव फिरवायचे आणि मी सावली कुठे पडते ते सांगायचो. माथ्यावर टॉर्च आला की काकूंचा हात भरून यायचा.

"जरा वर धर," सर म्हणायचे.

"हा सूर्य आता भाजी फोडणीले चालला," काकू म्हणाल्या, आणि खरंच निघून गेल्या. त्या दिवशी आमच्या नावेवर भर दुपारी अंधार झाला. सर हसले. सरांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही, म्हणून हे आठवतं.

शेवटी त्यांनी दोन पॅनेल नावेच्या मागच्या टोकाला, दोन बाजूंना, आडवी, आकाशाकडे तोंड करून ठेवली. उभी नाही, कलती नाही. दोघांची जोडणी वेगळी, म्हणजे शिडाची सावली ज्या बाजूला जाईल तिची वीज कमी होईल, दुसरी चालू राहील. "नाव फिरते," ते म्हणाले, "म्हनून पॅनेलनं कोणतीच बाजू धरायची नाई. फक्त वर पाह्याचं."

समिती यायच्या आधीच्या आठवड्यात योजनेच्या अटी आल्या. पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, ठरलेल्या कोनात, लोखंडी स्टँडवर असली पाहिजेत. या अटी शेतातल्या सोलर पंपासाठी लिहिलेल्या होत्या हे कोणालाही कळलं असतं. आपल्याकडे शेतोशेती ती स्टँड उभी आहेत, सगळी दक्षिणेकडे पाहणारी. कोणीतरी त्यातलंच वाक्य आमच्या नावेला लावलं होतं. प्राचार्यांनी वर्कशॉपमधून तशीच दोन स्टँड सरांच्या घरी पाठवून दिली आणि मागोमाग स्वतः आले.

"सर, होडी पाण्यावर फिरते," आमचे सर म्हणाले. "दक्षिण फिरत नाही."

"मग होडी फिरवू नका," प्राचार्य म्हणाले.

ते हे थट्टेनं म्हणाले नव्हते. त्यांना त्यात काही विचित्र वाटलं नव्हतं. चार बाजूंनी चार दोर, काठावर चार खुंट्या, नावेचं तोंड पक्कं. बैलाला बांधतात तसं. सर मला म्हणाले, "एक दिवस. एक दिवस उभी राहीन दक्षिणेकडे तोंड करून. मंग आपली."

भिंत उतरवली तेव्हा सगळी गल्ली जमली. मातीतल्या विटा हातानं निघाल्या. नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली, डोलकाठी विजेच्या तारांना लागू नये म्हणून पोरांनी लांब बांबूंनी तारा उचलून धरल्या. तीच पोरं, कप्तान म्हणून चिडवणारी. मांडववाला स्वतःहून आला होता. समितीसाठी धरणाच्या काठावर त्याचाच मांडव होता आणि त्या मांडवाला लाल झालर होती.

डोलकाठीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ती काढ-घाल करायची नव्हती. नावेच्या तळापर्यंत गेलेली, खाली खाचेत बसवलेली, पाचरी ठोकून राळेनं बंद केलेली. सरांनी ती हिंगणीच्याच बाजूच्या सागवानाची केली होती. तिच्या टोकाला त्यांनी स्वतः घडवलेली पितळी कप्पी होती. शिडाचा दोर त्या कप्पीतून असा सरकायचा की हाताला जोर लागत नसे.

समितीचे तीन जण गाडीतून उतरले. आलुबोंडे झाले, चहा झाला, शाल-नारळ झाले. नाव चार दोरांनी बांधून काठापाशी उभी होती. तिच्या पाठीवर लोखंडी स्टँड, स्टँडवर पॅनेल, दक्षिणेकडे तोंड करून. शामरावजी आणि सोसायटीची माणसं झाडाखाली बसली होती. शीड अजून गुंडाळलेलं होतं. ते उभारायचं कधी, हे सर प्राचार्यांना तिसऱ्यांदा विचारत होते. प्राचार्य म्हणत होते, "आधी रीडिंग होऊ द्या, सर."

रीडिंग घ्यायला मीटर लावला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. पॅनेल आडवी असती तर काही झालं नसतं. पण ती स्टँडवर उभी होती, डोलकाठीच्या मागे, आणि डोलकाठीची सावली बरोबर एका पॅनेलवर पडली. शिवाय वर्कशॉपच्या लोकांनी दोन्ही एकाच माळेत जोडली होती. मीटरचा आकडा खाली आला.

समितीचे प्रमुख पुढे झाले. गळ्यात चष्म्याची दोरी, बोलणं अगदी शांत. "हा खांब मधे येतोय," ते म्हणाले.

"ती डोलकाठी आहे," सर म्हणाले.

"हो, पण सावली पडतेय."

मी पुढे होऊन म्हणालो, "सर, दोर सोडले तर नाव फिरेल आणि सावली हटेल. पॅनेल मुळात आडवी होती. ही नाव चालवून दाखवायची आहे."

"आपण?" त्यांनी विचारलं.

प्राचार्यांनीच उत्तर दिलं, "कंत्राटी आहेत ते," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे सारलं.

"फक्त थोडा वेळ दोर सोडा," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता. "वारा चांगला आहे. पलीकडे जाऊन परत येतो. मग काय लिहायचं ते लिहा."

प्रमुखांना त्यांची कीव आली असावी. ते समजुतीनं म्हणाले, "सर, नाव चालते की नाही हे आमच्या तपासणीत नाहीच. वीज किती येते एवढंच आहे. तुमचा प्रकल्प चांगला आहे. तेवढा खांब नको."

"काढून टाकतो सर. आत्ता," प्राचार्य म्हणाले, आणि त्यांनी मांडववाल्याला हाक मारली. "करवत आहे का?"

मांडववाल्यापाशी करवत होती. ती घेऊन तो आला, पण नावेपाशी येऊन थांबला. त्यानं सरांकडे पाहिलं. "सर, म्या नाई कापत," तो म्हणाला. "म्या शीड शिवलं हाये."

प्राचार्यांनी वर्कशॉपच्या माणसाला खूण केली. तेव्हा सरांनी हात पुढे केला. "आण इकडे. माझी हाये, मी कापतो. तुमाले सरळ कापताही येनार नाई."

ते नावेत चढले. खिशातून पेन्सिल काढली. डोलकाठीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेनं रेघ मारली, कापताना तिरकं जाऊ नये म्हणून. मग मला हाक मारली आणि डोलकाठीला बांधलेला दोर माझ्या हातात दिला.

"ताणून धरजो. पडताना पान्याकडे पडली पाह्यजे," ते म्हणाले. "पॅनेलवर पडू देऊ नको. पाहुणे हायेत."

करवत सरळ गेली. सागवान घट्ट असतं, वेळ लागला. मांडवातून कोणी उठून गेलं नाही. सगळे खुर्च्यांवर बसून पाहत होते. काठी पडली तेव्हा पाण्याचा मोठा आवाज झाला. सरांनी बुंध्याच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, एक धसकट राहिलं होतं ते करवतीनं साफ केलं, मग हातानं भुसा गोळा केला आणि उठले.

"आता पाहा रीडिंग," ते म्हणाले.

आकडा वर गेला होता. समितीनं टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांनी वाजवल्या. मग सगळ्यांनी.

शामरावजी झाडाखालून उठून आले. त्यांना टाळ्या कशाच्या हे कळलं नव्हतं. "मास्तर," ते म्हणाले, "आता हे आमाले काय कामाचं?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "बांबू हाये ना तुमच्यापाशी," ते म्हणाले.

ढिवरांनी ती नाव बांबूनं रेटून पाहिली, सरांच्या मानासाठी म्हणून. पण दोर सोडल्याबरोबर वारा उभ्या पॅनेलांत भरला आणि नाव जागच्या जागी भिंगरीसारखी फिरू लागली. त्यांनी हात जोडले. महिन्याभरात नाव ट्रॉलीवरून परत वर्ध्याला आली आणि कॉलेजच्या फाटकाशी सिमेंटच्या ओट्यावर बसवली गेली. दक्षिणेकडे तोंड करून. तिच्या विजेवर आजही संध्याकाळी कॉलेजच्या नावाची पाटी पेटते. प्रकल्पाला बक्षीस मिळालं. ते घ्यायला प्राचार्य गेले होते.

त्यानंतर मी सरांकडे गेलो तेव्हा सवयीनं अंगणात थांबलो, कान ओला केला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगितलं, "उत्तरेचा."

"चहा घे," सर म्हणाले. त्यांनी ऐकलंच नव्हतं. काकू माझ्याकडे पाहत होत्या. आतल्या खोलीत काहीतरी खरखर वाजत होतं. मी डोकावलो. सरांच्या खोलीतला पंखा चालू होता, आणि पात्यांवरची धूळ अंथरुणावर पडलेली होती.

सर निवृत्त झाल्यावर फार जगले नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. सौर ऊर्जेला वाहून घेतलेलं व्यक्तिमत्त्व, असं प्राचार्य बोलले. एकानेही शीड हा शब्द उच्चारला नाही. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा वेळ संपल्याची चिठ्ठी आली. काकूंना नावेचा मोठा फोटो चौकटीत घालून दिला. चकचकीत पॅनेल, ओटा, बाजूला झेंडूच्या कुंड्या. काकूंनी तो मांडीवर घेऊन नीट पाहिला आणि शेजारी बसलेल्या प्राचार्यांना विचारलं, "अन् काठी कोठं हाये?"

प्राचार्यांना कळलं नाही. ते म्हणाले, "काठी? आणून देतो, काकू. चालायला का?"

काठी कुठे आहे ते मला माहीत होतं. सरांनाही माहीत होतं.

कापल्यानंतर ती कित्येक महिने वर्कशॉपच्या मागे पडून होती. कॉलेजचा झेंड्याचा लोखंडी खांब गंजला होता. नवा आणायच्या ऐवजी प्राचार्यांनी तिला पांढरा रंग देऊन मैदानात उभं केलं. पितळी कप्पी टोकाला तशीच होती. सरांच्या नोकरीतलं ते शेवटचं पंधरा ऑगस्ट. आम्ही सगळे रांगेत उभे होतो. प्राचार्यांनी दोर ओढला. झेंडा एका दमात वर गेला, जराही न अडकता, टोकाशी पोचला आणि उघडला. प्राचार्य भाषणात म्हणालेसुद्धा, की शेजारच्या शाळेचा झेंडा दर वर्षी अर्ध्यात अडकतो, आपल्याकडे असं कधी होणार नाही.

राष्ट्रगीत झालं. सर माझ्या शेजारी होते, टोपीची नाडी हनुवटीखाली बांधलेली, नजर जमिनीवर. झेंडा वर फडफडत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं.

"वारा कुठला?"

मी झेंड्याकडे पाहिलं. "पश्चिमेचा, सर. चांगला आहे. पलीकडे जाऊन परत आली असती."

सरांनी मान वर केली नाही. उन्हात उभ्या माणसाच्या घामानं ओल्या कानाजवळून गार झुळूक गेली, तेवढीच.

"नैऋत्येचा हाये," ते म्हणाले. "चहा नाई तुले."

आणि फाटकाकडे न जाता, मागच्या भिंतीच्या बाजूनं, नाव दिसणार नाही अशा वाटेनं घरी निघून गेले.